प्रतिकृतीचे निरपराधपण

१

‘अभिजात’ हे विशेषण साहित्यकृतीला लावले जाते तेव्हा त्यामागे एक मूल्यनिर्णय असतो, आणि त्या निर्णयाची कारणे समीक्षकाकडे मागता येतात. हेच विशेषण एखाद्या बंदुकीला लावले गेले तर ती कारणे कोणाकडे मागायची? गेल्या सहा-सात दशकांत जुन्या लष्करी बंदुका आणि रायफली नव्याने घडवून विकण्याचा एक स्थिर व्यवसाय पाश्चात्त्य देशांत उभा राहिला आहे. उत्तर इटलीतील ब्रेशियाजवळचे गार्दोने वाल त्रोम्पिया हे गाव शतकानुशतके बंदुका घडवत आले आहे. तेथे १९५७ मध्ये पेदेर्सोली आणि १९५९ मध्ये उबेर्ती या कंपन्या सुरू झाल्या. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी (१९६१–६५) तोंडावर आली होती. जुन्या लढायांचे देखावे उभे करणाऱ्या हौशी मंडळींना त्या काळातील शस्त्रे हवी होती, आणि अस्सल शस्त्रे एक तर महाग होती किंवा हाताळण्याच्या पलीकडे गेलेली होती. ही गरज प्रतिकृतींनी भागवली. या शस्त्रांविषयीच्या लेखनात ‘क्लासिक’ हा शब्द सहजपणे वापरला जातो, आणि त्या सहजपणामुळेच तो तपासून पाहण्याजोगा ठरतो.

हा प्रश्न जालना जिल्ह्यात बसून विचारण्याचे प्रयोजन काय, असे कोणी म्हणेल. भोकरदन-जाफराबादच्या परिसरात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आसई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या सैन्याचा येथे पराभव केला. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. सोबतच्या एका पुस्तकात त्या काळातील बंदुकांची चित्रे होती. ती पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, ‘यांतली आपली बंदूक कोणती?’ प्रश्न साधा होता. उत्तर देताना मात्र माझी अडचण झाली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अडचणीचा थोडा विस्तार आहे. प्रतिकृतीला नीती असते का, आणि असल्यास ती कशात शोधायची, एवढाच त्याचा विषय आहे.

२

प्रथम ‘मूळ’ या संकल्पनेचा विचार केला पाहिजे, कारण मूळ असल्याखेरीज प्रतिकृती संभवत नाही, असे आपण गृहीत धरतो. वॉल्टर बेन्यामिन याने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीचे काय होते, याची चर्चा केली. कलाकृतीचे एका विशिष्ट स्थळी आणि काळी असणे, तिचे एकमेवपण, आणि त्यातून तिच्याभोवती निर्माण होणारे वलय पुनरुत्पादनामुळे क्षीण होते, हे त्याचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. लष्करी बंदुकीला हे प्रतिपादन जसेच्या तसे लागू करता येत नाही. लष्करी बंदूक ही प्रारंभापासूनच पुनरुत्पादित वस्तू आहे. ब्रिटिश शस्त्रव्यवस्थेत मंजूर झालेल्या बंदुकीचा एक नमुना मोहोरबंद करून ठेवला जाई, आणि कारागिरांनी केलेल्या बंदुका त्याच्याशी ताडून स्वीकारल्या किंवा नाकारल्या जात. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात पलंगाचे उदाहरण घेऊन सांगितलेली रचना, म्हणजे वर एक आदर्श आणि खाली त्याच्या अनेक नकला, येथे सरकारी कोठारात प्रत्यक्षात आणलेली दिसते. सैनिकाच्या हातात पडे ती नक्कलच. पुढे १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल यंत्रांवर तयार होऊ लागली, तेव्हा एकीचा सुटा भाग दुसरीला बसावा इतके हे सारखेपण पक्के झाले. याच रायफलीच्या काडतुसांनी १८५७ च्या उठावाला निमित्त पुरवले. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या प्रतिकृती काढल्या, तेव्हा जुन्या मापांशी त्या तंतोतंत जुळतात हा त्यांचा विशेष मानला गेला. ज्या वस्तूचा जन्मच मापांशी जुळण्यात झाला, तिची शंभर वर्षांनंतर केलेली आणि तितकीच जुळणारी आवृत्ती ही नक्कल, आणि पूर्वीची मात्र अस्सल, हे कशावरून ठरवायचे?

आसईच्या रणांगणावर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. कंपनीच्या फौजेकडे असलेली ठासणीची चकमकी बंदूक इंग्रज सैनिकांच्या बोलीत ‘ब्राउन बेस’ या नावाने ओळखली जाई. तिच्या एका प्रकाराला ‘इंडिया पॅटर्न’ असे नाव आहे. ३९ इंच लांबीच्या नळीचा हा तुलनेने साधा आणि स्वस्त नमुना ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजांसाठी करून घेतला होता. फ्रान्सबरोबरच्या युद्धात बंदुकांची टंचाई भासली तेव्हा ब्रिटिश सरकारने १७९४ पासून कंपनीचा साठा विकत घेतला आणि १७९७ मध्ये तोच नमुना आपला म्हणून स्वीकारला. ज्या बंदुकीकडे आज ब्रिटिश राष्ट्रीय वारशाचे चिन्ह म्हणून पाहिले जाते, तिचे एक प्रमुख रूप व्यापारी कंपनीच्या हिंदुस्थानातील गरजेतून आलेले आहे.

समोरच्या बाजूस शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या. १७८४ पासून महादजी शिंद्यांच्या नोकरीत असलेल्या द बॉयन्याने या पलटणींचा पाया घातला. आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतण्याचा आणि बंदुका करण्याचा कारखाना होता. तेथे युरोपीय नमुन्याच्या तोडीच्या बंदुका नगास दहा रुपये खर्चात तयार होत, अशी नोंद हर्बर्ट कॉम्प्टनच्या १८९२ च्या ग्रंथात आहे. याचा अर्थ असा की मराठ्यांच्या पलटणीही युरोपीय बंदुकीच्या हिंदुस्थानी प्रतिकृती घेऊनच लढत होत्या. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी या प्रकाराकडे ‘अनुकरण’ म्हणून पाहिले. मराठ्यांनी स्वतःची चपळ गनिमी पद्धत सोडून परक्यांची नक्कल केली आणि म्हणून ते हरले, असा तर्क त्यातून निघाला, आणि आपल्याकडील काही इतिहासकारांनीही तो उचलला. रॅन्डॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात या तर्काची सविस्तर चिकित्सा केली आहे. पराभवाची कारणे त्यांना शस्त्रांच्या किंवा कवायतीच्या उणिवेत दिसत नाहीत. पैसा, नेतृत्व आणि भाडोत्री अधिकाऱ्यांची फूट यांकडे ते लक्ष वेधतात. आसईत मराठी तोफखान्याने केलेला संहार पाहता हे पटण्याजोगे आहे. वेलस्लीच्या फौजेतील ४२८ माणसे ठार आणि ११३८ जखमी झाली. प्रत्यक्ष रणात उतरलेल्या त्याच्या सैन्याच्या मानाने ही संख्या फार मोठी होती. नकला म्हणून हिणवलेल्या शस्त्रांनी अस्सल मरण दिले होते.

तेव्हा मूळ आणि नक्कल हा भेद घडणीच्या पातळीवर टिकत नाही. तो टिकतो तो चरित्राच्या पातळीवर. आसईत वापरली गेलेली बंदूक आणि आज तयार झालेली तिची प्रतिकृती यांच्यात लोखंड, लाकूड किंवा माप यांचा फरक नसेलही. पहिली त्या दिवशी तेथे होती, आणि दुसरी नव्हती, हा फरक मात्र कोणत्याही कौशल्याने पुसता येत नाही. लष्करी बंदुकीच्या बाबतीत वलय हा शब्द वापरायचाच असेल तर तो एकमेवपणासाठी वापरता येणार नाही. ज्या कृत्यांत ती सहभागी होती त्या कृत्यांची स्मृती, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

३

येथून एक आकर्षक युक्तिवाद सुरू होतो. त्याला मी निरपराधपणाचा युक्तिवाद म्हणतो. प्रतिकृतीला चरित्र नाही, म्हणजेच तिच्या हातून कोणी मेलेले नाही. जुन्या बंदुकीचे सौंदर्य, तिच्या घडणीतील कसब, तिचा तोल, हे सर्व ती आपल्याला देते आणि रक्ताचा डाग मात्र देत नाही. अस्सल बंदूक बाळगणारा कोणाच्या तरी मरणाचे साधन भिंतीवर टांगतो. प्रतिकृती बाळगणारा केवळ एक आकार टांगतो. तेव्हा नैतिकदृष्ट्या प्रतिकृतीच श्रेयस्कर नव्हे काय?

या युक्तिवादाला बनावटगिरीचा आक्षेप लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. नेल्सन गुडमन याने १९६८ मध्ये ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात बनावट कृतीची चर्चा करताना निर्मितीच्या इतिहासाविषयीची फसवणूक हा तिचा गाभा मानला. प्रतिकृतीचा उत्पादक अशी फसवणूक करीत नाही. आपले नाव आणि आपला देश तो वस्तूवर उमटवतो. प्रतिकृती आपल्या जन्माविषयी खरे बोलते. प्रश्न असा की ती आपल्या स्वरूपाविषयीही खरे बोलते काय?

काळ आणि कायदा या दोहोंनी या बाबतीत गमतीदार गोंधळ करून ठेवला आहे. २००३ मध्ये नेपाळी सैन्याच्या जुन्या शस्त्रागारातील बंदुकांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी खरेदी केला. त्यात इंग्लंडात बनलेल्या बंदुका होत्या, तशाच ब्रिटिश नमुन्यांबरहुकूम नेपाळात बनवलेल्याही होत्या. या नेपाळी नकला आता स्वतःच पुराणवस्तू म्हणून विकल्या जातात. नकलेला पुरेसे वय मिळाले की ती अस्सल होते, असे बाजार सांगतो. अमेरिकन कायदा याच्याही पुढे जातो. १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंतची शस्त्रे पुराणशस्त्रे ठरवली, आणि आधुनिक काडतुसे न घेणाऱ्या त्यांच्या प्रतिकृतींनाही त्याच वर्गात बसवले. त्यामुळे काल कारखान्यातून बाहेर पडलेली बंदूकही कायद्याच्या दृष्टीने पुरातन ठरू शकते. येथे पुरातनता हा वस्तूच्या आयुष्याचा गुण राहिलेला नाही. तो तिच्या आकाराचा आणि यंत्रणेचा गुण झाला आहे. निरपराधपणाच्या युक्तिवादाला हेच हवे असते: भूतकाळाची प्रतिष्ठा आकाराबरोबर यावी, आणि भूतकाळाचे उत्तरदायित्व मात्र मागेच राहावे.

४

हा व्यवहार न्याय्य आहे का, हे ठरवण्यासाठी प्रतिकृती म्हणजे नेमके काय, हे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. भारतीय काव्यशास्त्रात शंकुकाचा चित्रतुरगन्याय प्रसिद्ध आहे. ‘अभिनवभारती’त आलेल्या त्याच्या मताप्रमाणे, रंगभूमीवरील नटाला आपण राम समजतो ते ज्ञान खरे, खोटे, संशयात्म किंवा सादृश्यमूलक यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. चित्रातील घोड्याला आपण घोडा म्हणतो, तशी ही विलक्षण प्रतीती असते. अभिनवगुप्ताने शंकुकाच्या अनुकरणवादावर कठोर आक्षेप घेतले, हे खरे. आपल्या कामापुरता मात्र या न्यायातील एक धागा उपयोगी आहे. चित्रातील घोड्यावर कोणी बसत नाही. ज्या क्षणी त्यावर बसता येईल, त्या क्षणी तो चित्र राहणार नाही.

बंदुकीची प्रतिकृती हा चित्रातला घोडा आहे काय? दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर मांडलेला मावळा आणि त्याच्या हातातील इवलीशी बंदूक हा निःसंशय चित्रतुरग आहे. टिकल्यांचे पिस्तूल घेऊन अंगणात धावणारे मूलही याच प्रतीतीत असते. ‘तू मेलास’ असे म्हटल्यावर दुसऱ्या मुलाने पडायचे असते आणि थोड्या वेळाने उठायचेही असते. या पडण्या-उठण्यातच तो खेळ आहे. गार्दोनेची बंदूक वेगळी आहे. तीत दारू ठासता येते, गोळी घालता येते आणि ती सुटते. चित्राची प्रतिकृती चित्र असते, तद्वत बंदुकीची चालू प्रतिकृती ही बंदूकच असते. मृत्यूच्या चित्राची नक्कल केल्याने कोणी मरत नाही. बंदुकीच्या नकलेविषयी असे म्हणता येत नाही. ‘प्रतिकृती’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न जातींच्या वस्तू वावरत आहेत. एक वस्तू बंदुकीचे प्रतिरूप आहे, तर दुसरी बंदुकीची आणखी एक आवृत्ती. पहिलीला अनुकृती आणि दुसरीला पुनरुत्पादन म्हणावे, असे मी सुचवतो.

या दोहोंमधील सीमारेषा कोठे आहे, हे दाखवणारे एक विलक्षण उदाहरण आपल्याच देशातून मिळते. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील विक्रेते भारतात तयार झालेल्या ठासणीच्या बंदुका विकतात, आणि ब्राउन बेसच्या प्रतिकृती त्यांत ठळकपणे असतात. यांपैकी पुष्कळ बंदुकांना ‘कान’ पाडलेला नसतो. रंजकाची ठिणगी नळीतल्या दारूपर्यंत ज्या छिद्रातून पोचते त्याला आपल्या जुन्या भाषेत कान म्हणत. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर त्यांच्या कानांत मेखा ठोकत. कान नसलेली बंदूक उडू शकत नाही, म्हणून ती शोभेची वस्तू म्हणून समुद्रापार जाऊ शकते. तेथे गेल्यावर एखादा कारागीर तिला ते बारीक छिद्र पाडतो, आणि अनुकृतीचे पुनरुत्पादन होते. चित्रातील घोडा आणि खरा घोडा यांच्यामधले अंतर येथे काही मिलिमीटरांचे आहे. ते अंतर कोण, कधी आणि कोणत्या हेतूने ओलांडतो, याची जबाबदारी मात्र साखळीतील कोणाच्याच पदरात पडत नाही. बनवणारा म्हणतो, मी शोभेची वस्तू बनवली. विकणारा म्हणतो, मी इतिहास विकला. विकत घेणारा म्हणतो, मी एक छिद्र तेवढे पाडले. निरपराधपण असे वाटून घेता येते, कारण वस्तू स्वतःविषयी अर्धेच बोलत असते.

५

याला दोन दिशांनी उत्तर दिले जाईल. पहिले उत्तर सौंदर्यशास्त्राचे. बंदुकीच्या आकाराकडे तिच्या प्रयोजनापासून अलग करून पाहता येते. दस्त्याची वळणे, पितळी साजाची लकाकी, नळीची लांबी यांच्यातील प्रमाणबद्धता हा शुद्ध आस्वादाचा विषय होऊ शकतो. मर्ढेकरांची लयतत्त्वाची भूमिका कोणी अशा वस्तूला लावू म्हटले तर ते अशक्य नाही. परंतु कांटने स्वायत्त सौंदर्य आणि परायत्त सौंदर्य यांत केलेला भेद येथे निर्णायक ठरतो. फुलाचे सौंदर्य ग्रहण करताना ते कशासाठी आहे, हे जाणण्याची गरज नसते. ज्या वस्तूचा प्रत्येक अवयव एका प्रयोजनाने निश्चित झाला आहे, तिचे सौंदर्य त्या प्रयोजनाच्या संकल्पनेवर आधारलेले असते. ब्राउन बेसची नळी तितकी लांब का? रांगेतून गोळीबार करता यावा आणि टोकाला संगीन लावल्यावर ती भाल्याचे काम द्यावी, म्हणून. तिच्या ‘तोला’चे कौतुक करणारा नकळत त्या प्रयोजनाचेच कौतुक करीत असतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचा जो ताण दाखवला, त्यात बंदूक अलौकिकतेच्या बाजूला फार काळ थांबू शकत नाही.

दुसरे उत्तर ज्ञानाचे आहे, आणि ते अधिक गंभीरपणे घेतले पाहिजे. प्रतिकृती हाताळल्याने असे काही कळते जे पुस्तकांतून कळत नाही. काडतूस दातांनी फोडणे, रंजक घालणे, गजाने ठासणे, नेम धरणे, या क्रियांना किती वेळ लागतो. ओल्या हवेत किती बार फुकट जातात. धुरात समोरचे काही दिसत नाही म्हणजे काय. हे अनुभवलेल्या अभ्यासकाला लढाईचा वृत्तांत वेगळ्या डोळ्यांनी वाचता येतो. हा लाभ खरा आहे आणि अस्सल पुराणवस्तू धोक्यात न घालता तो मिळतो, ही गोष्टही मोलाची आहे.

असे असूनही या ज्ञानाला एक दिशा असते, हे विसरता येत नाही. प्रतिकृती आपल्याला नेहमी दस्त्याच्या बाजूला उभे करते. नळीच्या तोंडासमोर उभे राहिल्यावर काय होते, हे ती शिकवू शकत नाही, आणि तिच्याकडून कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. आसईच्या लढाईनंतर वेलस्लीने शत्रूचे सुमारे बाराशे मृतदेह रणांगणावर असल्याचे कळवले. सारा मुलूख त्यांच्या जखमींनी भरला होता, असेही लिहिले. इंग्रजांचे मेलेले एककाच्या अचूकतेने मोजले गेले आणि मराठ्यांच्या पलटणींतील मेलेले शेकड्यांच्या अंदाजाने. उत्तरायुष्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या सेनानीने आपली सर्वांत उत्तम कामगिरी म्हणून आसईचे नाव घेतले. इंग्रजी लोकप्रिय साहित्यातही ही लढाई जिवंत आहे. बर्नार्ड कॉर्नवेल यांची १९९८ ची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही कादंबरी तिच्यावर बेतलेली आहे. बाजार याच स्मृतीच्या मागोमाग चालतो. माझ्या पाहण्यात आलेल्या प्रतिकृतींमध्ये ब्राउन बेस आहे, फ्रेंच शार्लव्हिल आहे. आग्र्याची दहा रुपयांची बंदूक नाही. तिला गिऱ्हाईक नाही, कारण तिच्या बाजूने उभे राहून लढाईचा देखावा करण्याची इच्छा कोणाला होत नाही. प्रतिकृतींचा बाजार भूतकाळातील आकारांची निवड करतो, आणि त्या निवडीतून कोणाची बाजू पुन्हा पुन्हा जगण्याजोगी आहे, हेही ठरवून टाकतो. त्यातही हिंदुस्थानी कारागिराच्या वाट्याला आलेली भूमिका पाहण्यासारखी आहे. अठराव्या शतकात त्याने युरोपीय नमुन्याची बंदूक केली ती कंपनीशी लढणाऱ्यांसाठी. आज तो तीच करतो ती कंपनीच्या फौजेचे सोंग घेणाऱ्यांसाठी. दोन्ही वेळा त्याचे नाव कोठे नोंदले गेले नाही. आग्र्याच्या कारखान्यातून आपल्यापर्यंत पोचले ते सँग्स्टरचे नाव.

‘क्लासिक’ या शब्दातील गृहीत आता स्पष्ट होते. ज्याच्या जिवाचा त्या शस्त्राशी संबंध उरलेला नाही, तोच त्याला क्लासिक म्हणू शकतो. आपल्याकडे .३०३ ही ली-एन्फिल्ड रायफल बंगालमधील इछापूरच्या कारखान्यात बनत असे. तिचे लष्करी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध, म्हणून त्याच यंत्रणेची .३१५ बोअरची रायफल आयुध निर्माणींनी परवानाधारकांसाठी काढली. लष्करी रायफलीची सरकारमान्य नागरी आवृत्ती, असे तिचे वर्णन करता येईल. पाश्चात्त्य संग्राहक ली-एन्फिल्डकडे गतयुगाचे स्मृतिचिन्ह म्हणून पाहत होते. त्याच काळात, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हाती याच .३०३ रायफली होत्या आणि समोर स्वयंचलित शस्त्रे होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला अखेरचा निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. एकाच वस्तूला एकीकडे अभिजातता मिळते, तर दुसरीकडे ती कोणाच्या तरी असहायतेचे कारण होते. शस्त्राचे क्लासिक होणे हा काळाचा परिणाम नसून अंतराचा परिणाम आहे, आणि ते अंतर सर्वांना सारखे उपलब्ध नसते.

६

या विवेचनाचा साहित्यविचाराशी असलेला संबंध येथवर अनुस्यूत राहिला आहे. तो स्पष्ट करणे आवश्यक आहे. ऐतिहासिक कादंबरी हीदेखील भूतकाळाची एक प्रतिकृतीच असते, आणि मराठीत हरिभाऊ आपट्यांपासून आजवर या प्रकाराला वाचकांचे प्रेम लाभले आहे. तिच्यावर होणारी नेहमीची टीका सत्यासत्यतेची असते: प्रसंग पुराव्याला धरून आहेत की नाहीत, भाषा त्या काळाची आहे की नाही. म्हणजे मापे जुळतात काय, असे आपण विचारतो. वरील चर्चेच्या प्रकाशात हा प्रश्न दुय्यम ठरतो. मापे तंतोतंत जुळूनही प्रतिकृती अर्धसत्य बोलू शकते. कादंबरीला विचारायचा प्रश्न असा की ती वाचकाला कोठे उभे करते. तलवार उगारणाऱ्याच्या मनगटातील उत्साह ती देते, आणि तो देणे गैर नाही. उत्साह हा वीररसाचा स्थायीभावच आहे. परंतु तो घाव ज्याच्यावर पडतो त्याच्याकडे वाचकाला एकदाही वळू न देणारी कादंबरी कान न पाडलेल्या बंदुकीसारखी असते. ती शोभेची म्हणून घरोघर जाते, आणि पुढे कोणीतरी तिला छिद्र पाडतो. ऐतिहासिक साहित्यातून वर्तमानातील वैरे कशी पेटतात, याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. त्या वेळी लेखकही म्हणतो, मी केवळ इतिहास लिहिला.

याविरुद्ध असा आक्षेप संभवतो की ही कसोटी लावली तर वीररसालाच जागा उरणार नाही. मला तसे वाटत नाही. वीरकथेने शोककथा व्हावे, अशी येथे मागणी नाही. मागणी एवढीच आहे की बंदुकीला दोन टोके असतात, याचे भान प्रतिकृतीच्या रचनेत कोठेतरी असावे. संग्रहालयातील अनुकृतीशेजारची पाटी हे भान देऊ शकते. अभ्यासकाच्या हातातील पुनरुत्पादनही, त्याने आपले टिपण नळीच्या तोंडापर्यंत नेले तर, हे भान देते. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा करणाऱ्या आपल्या परंपरेतही, हातातली वस्तू काय करू शकते, याची वर्षातून एकदा तरी दखल घेण्याची सोय आहे. तिचा आज होणारा उपयोग नेहमीच त्या दिशेने जातो असे मात्र म्हणवत नाही. प्रतिकृती बनवणे, विकणे किंवा बाळगणे हा स्वतः अपराध नव्हे. ती निरपराध आहे म्हणून आपणही निरपराध आहोत, ही समजूत मात्र चुकीची आहे. निरपराधपण हा वस्तूचा गुणच नाही. तो कृत्याचा आणि कर्त्याचा असतो, आणि वस्तूला तो चिकटवून आपण स्वतःला प्रश्नातून सोडवून घेत असतो.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत देशभरातून आणि परदेशांतूनही भंगार येते. भट्टीत ते वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. त्या भंगारात काय काय होते, हे सळईला विचारता येत नाही. लोखंड आपला भूतकाळ पूर्णपणे टाकून नव्या कामाला लागते. प्रतिकृतीचा व्यवहार याच्या उलट आहे. तेथे नवे लोखंड न घडलेल्या भूतकाळावर हक्क सांगते. या दोहोंपैकी सळईचे विस्मरण मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते विस्मरण असल्याचे लपवत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले ते असे: इंडिया पॅटर्न त्यांची, आग्र्याची आपली. आज हे उत्तर मला अपुरे वाटते. आग्र्याची बंदूक नमुन्याने परकी आणि कसबाने आपली होती. कंपनीची बंदूक परकी असली तरी तिच्यामागे उभे राहिलेले मद्रासी शिपाई याच देशातले होते. बंदुकीच्या दस्त्याकडून पाहिले तर ‘आपली’ या शब्दाचा अर्थ लागत नाही. तोंडाकडून पाहिले तर लागतो. केळणा आणि जुईच्या मधल्या शेतांत त्या दिवशी जे पडले, ज्यांची एका बाजूला मोजदाद झाली आणि दुसऱ्या बाजूला झाली नाही, त्यांच्याविषयी हा शब्द वापरता येईल. तेथे तो विद्यार्थी पुन्हा भेटला तर त्याला एवढेच सांगता येईल की चित्रांचे ते पुस्तक मिटून आधी शेतांकडे पाहू.